तीन हजार बारा नंबरचा ट्रक

प्रिय वसंता,

काल शाळा सुटायच्या वेळी टपालवाला एक लांबट सरकारी पाकीट देऊन गेला. मिलिटरी डेपोच्या साहेबाचं उत्तर. तू असताना मी त्यांना तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. तू गेल्यावर चौथं लिहिलं, माझ्या नावानं, आणि स्वतःच्या हातानं पेटीत टाकलं. त्याचं उत्तर महिन्याच्या आत आलं. आधीच्या तिन्हींना का आलं नाही, असा प्रश्न पाकीट हातात घेतानाच पडायला हवा होता मला.

पाकिटात साहेबाचं पत्र होतं, आपण केलेल्या अर्जाची नक्कल होती आणि तुझ्या सहीचा एक कबुलीजबाब होता. पत्रातलं इंग्रजी पोस्टमास्तरांकडून समजून घेतलं. अर्ज मात्र मला कोणाकडून वाचून घ्यावा लागला नाही. नकलेवरही नंबर स्पष्ट होता. तीन हजार बारा. तू निवडलेली गाडी होती तीन हजार ब्याण्णव. तो अर्ज मी लिहिला होता, वसंता. कारकुनानं काही घोळ केला नव्हता. नंबर माझ्या हातून चुकला होता.

आणि हे तुला माहीत होतं. तुझ्या कबुलीजबाबात तूच लिहून दिलंयस, की आकडा घरीच चुकला, ब्याण्णव नंबरची गाडी दुसऱ्याला विकली गेली आहे, तेव्हा आहे हीच गाडी मला मान्य आहे, आणि याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. खाली तुझी सही. त्यातला 'त' नेहमीसारखा खाली घसरलेला.

म्हणून हे पत्र. तू गेल्यापासून मी रडले, भांडले नव्हते. आता भांडायचं आहे.

पहिल्यांदा हे सांग, की आकडा इंग्रजीत लिहून आणायला तुला कोणी सांगितलं होतं? मला आठवतं, तू डेपोतून आलास तो किती खुशीत होतास. लढाई संपली, तू आसामकडून धडधाकट परत आलास, याचाच आनंद घरात मावत नव्हता, त्यात ही गाडी. जेवताना हात हलवून हलवून सांगत होतास. मैदानात नजर जाईल तिथपर्यंत मिलिटरीनं विकायला काढलेल्या गाड्या उभ्या आहेत, एखादी कमानी मोडलेली, एखादी काचा फुटलेली, आणि त्या सगळ्यांत एक अशी सापडली की हँडलच्या पहिल्या झटक्याला चालू. "अक्का, इंजन काय बोलते! कान लावून आयकलं मी. अर्धा घंटा तिच्यापाशीच उभा होतो," म्हणालास. मग बिडीच्या बंडलाचा कागद खिशातून काढून माझ्यापुढं टाकलास. "हा नंबर. अर्ज तू लिही. माह्या अक्षराले साहेब हासन."

त्या कागदावर पेन्सिलीनं चारच आकडे होते. तीन, शून्य, नऊ, दोन. पलटणीत शिकलेले इंग्रजी आकडे. आता तूच बघ, घाईत काढलेला इंग्रजी तीन आपल्या तीनसारखाच दिसतो, शून्य तर सगळीकडे शून्यच, दोनही तसाच. राहिला नऊ. इंग्रजी नऊ आणि आपला एक यांत फरक तो काय? जन्मभर मी पोरींना आपले आकडे गिरवायला लावले. मला तो आपला 'एक' वाटला. मी नीट इंग्रजी आकड्यांत, वळणदार, तीन शून्य एक दोन असं लिहिलं आणि अक्षराचं कौतुक करून घेतलं. तू सही केलीस ती न वाचता. का नाही वाचलंस रे? चौथीपर्यंत मी स्वतः शिकवलेला माणूस तू, एवढं वाचायला किती वेळ लागला असता?

पण नाही. अक्कानं लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

मग शेगावला माल आल्याची तार आली. मी शाळेची रजा काढून आले, एवढी हौस मलाही होती. गावातले गणपतकाका दमणीला, म्हणजे छकड्याला, बैलजोडी जुंपून आले होते, काही सामान लागलं तर असावं म्हणून. मालधक्क्यावर उघड्या डब्यात दोरखंडानं बांधलेली गाडी उभी होती. तू धावतच वर चढलास. टपावर हात ठेवलास, मग दाराशी वाकलास, मग पुढचं झाकण उघडलंस आणि तसाच उभा राहिलास. मी खालून विचारलं, "काऊन रे, काय झालं?"

"अक्का, हे ते गाडी नाही."

मला वाटलं थट्टा करतोस. तू खाली उतरलास तेव्हा तुझ्या तोंडाचा रंग गेलेला होता. झाकणाखाली उंदरांनी घर केलेलं होतं, तारा कुरतडलेल्या, बॅटरीच्या जागी नुसती गंजलेली पेटी. मालबाबूनं पावती पुढं धरली. "पावतीवर तीन हजार बारा. गाडीवर तीन हजार बारा. आता तुमचं आणखी काय म्हणणं आहे?" तुझं म्हणणं होतं की घोटाळा डेपोत झाला. माझंही तेच. मी तर त्या न पाहिलेल्या कारकुनाला मालधक्क्यावर उभी राहून नाही नाही ते बोलले. दर्शनाला आलेल्या बायका वळून वळून बघत होत्या.

तू तसाच पुढच्या आगगाडीनं डेपोला गेलास. आम्ही चार दिवस शेगावच्या धर्मशाळेत बसून राहिलो. परत आलास तेव्हा दाढी वाढलेली, आवाज बसलेला. मी विचारलं, "काय म्हणाला कारकून?" तू पाण्याचा तांब्या तोंडाला लावलास, तो रिकामा होईपर्यंत काढला नाहीस. मग म्हणालास, "त्याचीच चूक आहे. पण आता कागद झाले. जाऊ दे. आपण हेच गाडी दुरुस्त करू."

ते पाणी प्यायला तुला इतका वेळ का लागला, ते काल कळलं.

तिथून आपल्या अमडापूरपर्यंतचा प्रवास मी विसरायचा म्हटला तरी गाव विसरू देत नाही. गणपतकाकांनी आणखी चार जोड्या मागवल्या आणि त्या चार जोड्यांनी ती गाडी ओढत नेली. तू आत चाक धरून बसलेलास, मी मागून दमणीत. खामगावात लोक दुकानं सोडून रस्त्यावर आले. कोणी विचारे, "काय बे, पेट्रोल नाही भेटलं का?" गणपतकाका तर घाटाच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "वसंता, मोटार बैलाईले ओढते का बैलं मोटारीले, हे एकडाव ठरव." तू हसलास. मला राग आला की हा हसतो कसा? घाटात एक बैल गुडघ्यावर बसला तेव्हा तू उतरून त्याच्या जागी खांदा लावलास. चौथ्या दिवशी गाडी आपल्या अंगणात उभी राहिली आणि अंगण संपलं. तुळशीभोवती फिरायला जागा राहिली नाही. तेवढ्यावरूनही मी तुला बोलले.

त्यानंतर मी पत्रं लिहायला घेतली. आठवतात ना? पहिलं सौम्य, दुसरं कडक, तिसऱ्यात तर त्या कारकुनाला कामावरून काढावं असंच लिहिलं. प्रत्येक वेळी तू म्हणायचास, "दे, मी खामगावले चाललो, टाकतो पेटीत." मी रोज टपालवाल्याची वाट बघायची. सरकार कसं मस्तवाल असतं यावर शेजारणींना भाषणं द्यायची. गावात तर 'डेपोचा कारकून' ही शिवीच झाली. कोणाचा हिशेब चुकला, कोणाची चोळी उलटी शिवली गेली, की लोक म्हणायचे, डेपोचा कारकून आहे हा. तू ऐकत असायचास. तोंडातून चकार शब्द नाही. कसं जमलं तुला?

आणि त्या गाडीशी तुझं जे चाललं होतं, ते मी दहा महिने बघितलं. इंजिनात पावसाचं पाणी जाऊन सगळं जाम झालेलं. करीममिस्त्री खामगावाहून यायचे, ते म्हणाले, हे उघडलं तर बंद होणार नाही. तरी तू उघडलंस. प्लगच्या भोकांतून घासलेट ओतून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी हँडल लावून बघायचं. हँडल हलायचं नाही. पुन्हा घासलेट. असे अकरा दिवस. घरातल्या दिव्यांना घासलेट उरलं नाही. बाराव्या दिवशी हँडल दोन बोटं हललं तर तू मला वर्गातून बोलवायला माणूस पाठवलास. पोरी पाढे म्हणत होत्या आणि मी बाहेर आले, काय अघटित घडलं म्हणून. दोन बोटं हललेलं हँडल बघायला.

पंपाचं कातडं मिळेना म्हणून तू माझ्या जुन्या वहाणेचं कातडं कापलंस. ते चार दिवसांत विरघळलं. वहाणही गेली. रेडिएटर डाग देऊन आणला तो दुसऱ्या जागी गळायला लागला. एक लहानसा तुकडा, तो ठिणगी वाटणारा रोटर, तोच गाडीत नव्हता. त्यासाठी तू अकोल्यापर्यंत जाऊन आलास आणि आणलास तो दुसऱ्या गाडीचा निघाला, मग बसून कानशीनं घासलास. मी म्हणायची, "विकून टाक भंगारात. दुसऱ्याच्या चुकीपायी तू काऊन मरून राहिला?" दुसऱ्याच्या चुकीपायी. हे मी तुला तोंडावर म्हणायची, वसंता. तू खाली मान घालून कानस फिरवत राहायचास.

त्या वेळी एकदा जरी म्हणाला असतास, "अक्का, चूक तुझी आहे," तर काय झालं असतं? मी चिडले असते. बिडीचा कागद काढून भांडले असते, की नऊ असा काढतात का? तूही भांडला असतास. दोन दिवस अबोला झाला असता. तिसऱ्या दिवशी मी तुझ्याबरोबर घासलेट ओतायला बसले असते. मला तेवढंही करू दिलं नाहीस. मला ओट्यावर बसवून ठेवलंस, निर्दोष.

इंजिन चालू झालं तो दिवस मला आठवायचा नाही, तरी आठवतो. सगळं अंगण धुरानं भरलं, शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. तू हातातलं हँडल टाकून नाचलास. काळं तोंड, पांढरे दात. इंजिन दोन मिनिटं चाललं आणि बंद पडलं, पण चाललं. तू म्हणालास, "आता नुसते ब्रेक आणि कमानपाटे. महिनाभरात कापूस भरून खामगावले."

कमानपाटे, चाकांवर गाडी तोलणारे ते पोलादी पट्टे. मागच्या डाव्या चाकाचा गंजलेला पाटा निसटून तुझ्या तळहातात घुसला. तू घासलेटनं हात धुतलास आणि चिंधी बांधलीस. मी म्हटलं, दवाखान्यात जा. म्हणालास, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पुन्हा उद्या. वसंता, लढाईत तुझ्या डोळ्यांपुढं माणसं जखमेनं गेली होती, तूच सांगितलं होतंस. मग आपल्याच हाताबद्दल एवढी बेफिकिरी कुठून आली? आठव्या दिवशी तुला भाकरीचा तुकडा चावता येईना. जबडा उघडेना. खामगावच्या डॉक्टरांनी एकदा बघितलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, धनुर्वात आहे, फार उशीर केलात. तीन दिवस. त्या तीन दिवसांत तू डोळ्यांनी मला काहीतरी सांगत होतास. मला वाटलं, पाणी मागतोस. मी कापसाचा बोळा ओठांना लावत राहिले. हेच सांगायचं होतं का तुला?

नसेल. तू तेव्हाही सांगितलं नसतंस.

काल पाकीट वाचल्यावर आज सकाळी मी करीममिस्त्रींना ते दाखवलं. तू गेल्यावर ते स्वतःहून आले होते. म्हणाले, भाऊचं काम अर्धं नाही ठेवणार. त्यांनीच ब्रेक केले, पाटे बसवले. पंधरा दिवसांपूर्वी आमची पहिली फेरी झाली, तेही तुला सांगायचं राहिलं. गणपतकाकांचा कापूस भरला. गाडी अमेरिकन, चाक डाव्या हाताला, म्हणून मी बसले ती उजवीकडं, ड्रायव्हर बसतो त्या जागी. खामगावात लोक तोंडात बोट घालून उभे, की मास्तरीणबाई गाडी चालवून राहिल्या. घाट उतरताना मात्र माझा जीव मुठीत होता. मिस्त्री ब्रेक दाबत म्हणाले, "बाई, भिऊ नका, ब्रेक धरून राह्यला." धरलं ब्रेकनं. ज्या घाटात बैल गुडघ्यावर बसला होता तिथून आम्ही कापसासकट खाली उतरलो, आणि तू नव्हतास. मला धड आनंद करता येईना, धड रडता येईना. मी नुसती चिडून बसले होते.

तर मिस्त्रींनी कागद हातात घेतले, आकड्यांपलीकडं वाचता येत नसूनही बराच वेळ बघितले, आणि म्हणाले, "बाई, मले माहीत होतं."

"तुम्हाला?"

"भाऊनं कसम घातली होती." मग ते गाडीच्या बैठकीखाली वाकले आणि हत्यारांच्या पेटीतून माझी तिन्ही पत्रं काढून दिली. पाकिटं तशीच बंद. तेलाचे डाग पडलेली. "तो म्हणे, करीमभाई, अक्कानं माहा हात धरून पाटीवर एक-दोन शिकवलं. तिच्या आकड्याले चूक म्हणाले माही जीभ नाही उचलत."

मी म्हटलं, "मग मी काय काचेची होते?"

मिस्त्रींनी हत्यारांची पेटी परत बैठकीखाली सरकवली. मी त्यांना ते विचारलं जे काल संध्याकाळपासून माझ्या छातीवर बसलं आहे. ब्याण्णव नंबरची गाडी आली असती, तर वसंता पाटे काढायला बसला असता का? त्यांनी चिंध्यांना हात पुसले. "पाटे कोन्त्याही गाडीचे काढाच लागतात, बाई. आज नाही तर वर्षानं. हातात काय घुसन, ते नंबर पाहून नाही ठरत."

ते चांगले आहेत म्हणून तसं म्हणाले. मी ते अर्धंच मानते. उरलेलं अर्धं मी माझ्याजवळ ठेवणार आहे, आणि ते हलकं करायला तू येणार नाहीस, हे मला कळतं.

पण तुझ्यावरचा राग वेगळा आहे. तो या अर्ध्यासाठी नाही. मी तुला पाच वर्षांचा असल्यापासून वाढवलं. आई गेली, मी माहेरी परत आले होते, तू माझ्या लुगड्याचा पदर धरून शाळेत यायचास. मी तुला चुकलास की चुकलास म्हणून सांगितलं. पाटी पुसून पुन्हा लिहायला लावलं. त्यातूनच तू माणूस झालास. मग माझी चूक झाली तेव्हा माझी पाटी मला का दाखवली नाहीस? तू माझा मान राखलास असं तुला वाटलं असेल. मला वाटतं, तू मला परकी केलंस. दहा महिने आपण एका घरात, एका गाडीभोवती, आणि तू एकटा.

येत्या सोमवारी मी बुलढाण्याला जाणार आहे. गाडीचे कागद अजून तुझ्या नावावर आहेत आणि मोटार कचेरीतला माणूस म्हणतो, मालकानं स्वतः हजर व्हावं. दोनदा सांगून झालं की मालक नाही राहिला. तो मान हलवतो आणि पुन्हा तेच म्हणतो. या वेळी मी मृत्यूचा दाखला, डेपोची पत्रं, सगळं घेऊन जाते. अर्ज मीच लिहिलाय. मिस्त्रींना इंजिनाजवळ उभं करून एक एक आकडा मोठ्यानं म्हणायला लावला, आणि मराठीत, शब्दांनी लिहिला. तीन हजार बारा.

आणि तुला वचन देते, ते हे. बुलढाण्याहून परत आले की मी गणपतकाकांच्या ओसरीवर जाईन, जिथं संध्याकाळी सगळे बसतात, आणि सांगेन की डेपोच्या कारकुनाचं नाव आता कोणी घेऊ नका. नंबर मी चुकवला होता. माझ्या भावाला माहीत होतं आणि तो बोलला नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. उद्या कोणाचा हिशेब चुकला आणि गावानं 'मास्तरीणबाईचा आकडा' म्हटलं, तर मी वळून बघेन आणि हो म्हणेन.

ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. आता माझ्या तोंडून सगळे ऐकतील.

तुझी,
अजून रागावलेली
अक्का